सोडावाला मुंजाजी आणि बारवेतली वेणी

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी म्हणायला नको की बाई फार बोलली. पाथरीत बत्तीस वर्षं मी विज्ञान शिकवलं, आणि मी बोलायला लागले की शेजारचा वर्ग आपोआप गप्प बसायचा. रिटायर झाल्यावर आवाज कमी होईल असं वाटलं होतं. कशाचं काय, आता तो घरात मावेना एवढंच झालं. माझं नाव विजयमाला, पण ही गोष्ट माझी नाही, मुंजाजीची आहे.

एसटी स्टँडच्या बाहेर, जीपा भरतात तिथं, मुंजाजीचं सोड्याचं दुकान. दुकान म्हणजे काय, दहा बाय दहाची पत्र्याची खोली, पुढं निळं टेबल, त्यावर लिंबं, आणि मागं कोपऱ्यात भिंतीला साखळीनं बांधलेला गॅसचा उंच सिलिंडर. गोटीसोडा तो अजून स्वतः भरतो. उजव्या हाताची करंगळी अर्धी आहे, बाटली फुटून गेली. बायको मनिषा गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं काम तीच करते, कारण मुंजाजीला बोलायचा मोठा कंटाळा.

हा मुंजाजी आठवीत माझ्या वर्गात होता. होता म्हणजे दिवाळीपर्यंत असायचा. मग आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायचा आणि होळीनंतर उगवायचा, वही अर्धी कोरी. एकदा मी सगळ्या वर्गापुढं म्हटलं, "मुंज्या, विज्ञान तुझ्या डोक्यात शिरायचं नाही, उगाच बाक अडवू नकोस." पुढच्या वर्षी तो आलाच नाही. स्टँडवरच्या एका चाचांकडं सोडा भरायला लागला, आणि चाचा गेल्यावर दुकान त्यानंच सांभाळलं. मी रोज त्या दुकानावरून जायची. तो उठून नमस्कार करायचा आणि मी मान हलवून पुढं निघायची.

आता बारवेचं सांगते. माझं माहेर पाथरीपासून अठरा किलोमीटर. गावात जुनी दगडी बारव आहे, बेचाळीस पायऱ्यांची, तळाशी जिवंत झरा. त्या पाण्यात एक वनस्पती वाढायची. लांब हिरवी पानं, कडांना पीळ पडलेला, म्हणून आम्ही पोरी तिला वेणी म्हणायचो. पोहताना ती जिच्या पायाला लागेल तिचे केस लांब होणार, असं आमचं ठरलेलं. आसपासच्या चार-पाच गावांत मी शोधली, दुसरीकडं कुठं दिसली नाही.

मागच्या वर्षी होळीनंतर गावानं बारव उपसायचं ठरवलं. सरपंच परमेश्वर, तिशीतला पोरगा, कामाचा आहे, नाही म्हणणार नाही. मोटार लावून पाणी काढायचं, गाळ पार दगडापर्यंत खरवडायचा. मी ग्रामसभेत उभी राहिले. म्हटलं, अरे, त्या गाळात वेणीचे गड्डे आहेत, खरवडलं की मुळासकट जाईल. परमेश्वर म्हणाला, "आत्या, गवतासाठी बारव घाण ठेवायची का?" गवत म्हणाला हो! माझं डोकं फिरलं. सगळ्या गावासमोर मी सांगून बसले, "बारव उपसा. वेणी मी पाथरीला नेते, जगवते, आणि पाणी आलं की परत आणून लावते. नाही आणली तर या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कपाळ माझं! जगवायची कशी, हे मला कुठं ठाऊक होतं?

गाळातून चौदा गड्डे निघाले, लिंबाएवढे. घरी भाच्यानं दिलेली तीन फुटी काचेची पेटी होती, मासे पाळायची. तिच्यात बारवेचाच गाळ धुऊन घातला, वर दोन ट्यूबलाइट, पाणी फिरवायला बारका पंप. बारवेतलेच सात इवले मासेही सोडले. पाणी हौदातलं, त्यातला क्लोरीन उडावा म्हणून दोन दिवस बादलीत ठेवून. सगळं पुस्तकाप्रमाणं. आणि आठव्या दिवसापासून पानं काचेसारखी आरपार व्हायला लागली, मग चिकट होऊन गळायला लागली. रोज एक-दोन गड्डे सडलेले निघायचे. ते मी अंगणातल्या कुंडीमागं फेकायची आणि दिवसभर ज्याच्या-त्याच्यावर खेकसायची. तीन आठवड्यांत चौदाचे पाच राहिले.

भाचा फोनवर म्हणाला, "आत्या, पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय. सिलिंडर लावून सोडावा लागेल. बाकीचं सामान मी पाठवतो, सिलिंडर तेवढा तिकडं बघ." कुरिअरनं खोकं आलं. दाब दाखवणाऱ्या दोन घड्याळांचा रेग्युलेटर, एक सुईसारखी बारीक तोटी, एक विजेवर उघड-मीट होणारा व्हॉल्व्ह, नळ्या, आणि गॅस बारीक करून सोडणारी चिनी मातीची चकती. मी खोकं उघडलं आणि बंद केलं. परभणीला जाऊन मासेवाल्या दुकानात विचारलं, तर तो माणूस हसला. म्हणाला, मॅडम, झाडाला कोण गॅस पाजतं?

परत येताना जीपमधून उतरले आणि समोर मुंजाजीचा सिलिंडर दिसला. सोड्यात भरतात तो हाच गॅस.

मी दुकानात गेले. मुंजाजीनं बाक पुसून मला बसवलं, सोडा दिला. मी सगळं सांगितलं, वेणीचं, जबान दिल्याचं, पाचच राहिल्याचं. त्यानं एवढंच विचारलं, "बाई, बारवंतला झरा आजून चालू हाय का?"

"आहे. गाळ निघाल्यावर करंगळीएवढा वाहतोय."

"मंग आधी ते पानी बगू. जी जित्ती व्हती ती कशात जित्ती व्हती, ते कळाया पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीवर जाऊन आला. झऱ्याच्या तोंडाशी बाटली धरून काठोकाठ भरली, हवेला जागा न ठेवता बूच लावलं आणि माझ्या ओट्यावर आणून ठेवली. शेजारी माझ्या पेटीतलं पाणी. दोन्हीचा एकेक घोट घेतला, गुळणी करावी तसा तोंडात फिरवला, थुंकला. म्हणाला, "बाई, झऱ्याच्या पान्यात गॅस हाय. बारकाच हाय, पन हाय. तुमच्या पान्यात न्हाई. तुमी दोन दिस बादलीत ठिवून त्यो घालवायलाव."

शाळेतून मागून आणलेलं रंग बदलणारं द्रावण माझ्याकडं होतं. झऱ्याच्या पाण्यात दोन थेंब टाकले तर पिवळसर, माझ्या पाण्यात टाकले तर निळं. जमिनीतून येणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण माझ्या जिभेला ते कधी कळलं नव्हतं, आणि याच्या जिभेला एका घोटात कळलं. मला तेव्हा लाज वाटली, आणि आनंदही झाला, दोन्ही खरं.

मुंजाजीकडं जत्रेच्या गाड्यासाठीचा एक बारका सिलिंडर होता, पाच किलोचा. तो घेऊन आला आणि पहिल्यांदा काय केलं, तर खोलीची खिडकी आणि दार उघडलं. "ह्यो गॅस जड असतोय बाई. खाली बसतोय, दिसत न्हाई. ही खोली कदी बंद करून बसायचं न्हाई." मग सिलिंडर उभा करून खुर्चीच्या पायाला दोरीनं तीन वेढे बांधला. आडवा पडला तर आतला पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि रेग्युलेटर जातो, हे त्यानं मला दोनदा बजावलं. मला! आणि मी "बरं" म्हटलं. मनिषा असती तर तिला खरं वाटलं नसतं.

रेग्युलेटरचा वायसर त्यानं नखानं तपासला, बसवला, पान्यानं आवळला. मग प्रत्येक सांध्यावर भांड्याच्या साबणाचा फेस लावून वाकून बसला. एका सांध्यावर बारीकसा फुगा आला. मला तो दिसलाही नव्हता. त्यानं सगळं उलगडलं आणि पुन्हा पहिल्यापासून जोडलं. पाणी नळीतून उलटं व्हॉल्व्हकडं येऊ नये म्हणून मध्ये एक उलट-पडदा घातला. बुडबुडे मोजायचं यंत्र खोक्यात होतं, पण ते वाटेत फुटलं होतं. तो मेडिकलमधून सलाईनची नवी नळी घेऊन आला. थेंब पडतात ती तिची आरपार कुपी कापली, पाण्यानं भरली, मधे जोडली, आणि त्यातून गॅसचा एकेक बुडबुडा वर जाताना स्पष्ट दिसायला लागला.

"आता किती सोडायचा?" मी म्हटलं.

"मिन्टाला पंधरा. तीन दिसानं ईस. मासं कसं ऱ्हातेत ते बगत बगत वाढवायचं. सोड्यात गॅस दाबून भरायचा असतोय बाई, हितं कुनाला कळू ने असा सोडायचाय."

मीही गप्प बसणारी नव्हे. त्या द्रावणाची एक बारकी कुपी पेटीच्या आत उलटी अडकवली. निळी म्हणजे गॅस कमी, हिरवी म्हणजे बरोबर, पिवळी म्हणजे माशांच्या जिवाला धोका. मुंजाजीला हे इतकं आवडलं की तो दोन मिनिटं तिच्याकडंच बघत उभा राहिला. म्हणाला, "ह्ये दुकानात पायजे व्हतं." जाताना त्यानं व्हॉल्व्ह, ट्यूबलाइट आणि पंप, तिन्ही एकाच बोर्डावर लावले आणि म्हणाला, "ह्ये तिन्ही संगं चालू, संगं बंद. येगळं करू नका." एवढंच. कारण सांगणं त्याच्या स्वभावात नाही, आणि मी विचारलं नाही, कारण विचारणं माझ्या स्वभावात नाही.

तो रोज दुकान उघडायच्या आधी यायचा. खुर्ची ओढून पेटीसमोर बसायचा, मोबाईलमध्ये सेकंद बघत बुडबुडे मोजायचा, तोटी केसभर फिरवायचा, पुन्हा मोजायचा. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर तसाच जायचा. एक गड्डा त्याही काळात गेला. राहिले चार. पण बाराव्या दिवशी एका गड्ड्यातून नवं पान आलं, पोपटी, पीळ पडलेलं. आणि महिन्याभरात दुपारच्या वेळी पानांवर मोत्यांसारखे बारीक बुडबुडे दिसायला लागले, प्राणवायूचे. ते मी मुंजाजीला मुद्दाम बोलावून दाखवले. हा अबोल माणूस काचेला नाक लावून लहान पोरासारखा हसला. त्या दिवशी मी परमेश्वरला फोन करून चांगलं अर्धा तास ऐकवलं.

आता जे झालं ते सांगायला मला जड जातंय, पण सांगणार.

आमच्याकडं उन्हाळ्यात लाइट जाते त्याला काही धरबंध नसतो. घरात इन्व्हर्टर आहे, पण पेटीचा बोर्ड त्यावर नव्हता. लाइट गेली की पेटीतलं सगळं बंद व्हायचं आणि माझा जीव खाली-वर व्हायचा. वाटायचं, बिचारी वेणी गुदमरत असेल. तिला जगवतो तो गॅस, मग गॅसच बंद कसा ठेवायचा? ट्यूबलाइटनं बॅटरी उतरते, पंपानं उतरते, पण त्या व्हॉल्व्हला कितीशी वीज लागते? जूनच्या सुरुवातीला एके सकाळी, मुंजाजी येऊन गेल्यावर, मी एकट्या व्हॉल्व्हची पिन काढून इन्व्हर्टरच्या बोर्डात घातली. महत्त्वाची वस्तू इन्व्हर्टरवर घ्यायची, हे आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. मुंजाजीला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात!

त्याच दिवशी पिंगळीला एका नात्यातल्या पोरीचं लग्न होतं. सकाळी गेले, साडेतीनला परत आले. सकाळी नऊला गेलेली लाइट अजून आलेली नव्हती. पेटी अंधारात, पंप बंद, आणि सातही मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धडपडत होते. कुपी हळदीसारखी पिवळी. मासे मरायला लागले म्हणजे पाणी नासलं, आता वेणीही जाणार, एवढंच डोक्यात. बादलीनं भराभर सगळं पाणी उपसून बाहेर फेकलं आणि हौदातलं ताजं पाणी भरलं. लग्नाला जायच्या आधी, सकाळीच, मी हौदात ब्लीचिंग पावडर टाकली होती. आठ दिवसांचं पाणी साठवायचं म्हटल्यावर टाकतेच. त्या घाईत ते आठवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातही मासे तळाला होते. वेणीची पानं पांढरीफटक. हात घालून गड्डे चाचपले, चारही उकडलेल्या बटाट्यासारखे दबले.

आणि त्याच सकाळी परमेश्वर दोन माणसं घेऊन वेणी बघायला आला. मीच बोलावलं होतं ना, फुशारकीनं! मी मुंजाजीला फोन केला. तो दुकान तसंच टाकून आला. आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. गॅस जास्त सोडलास, तोटी कुठवर फिरवलीस, अक्कल नव्हती तर हो म्हणालास कशाला, माझं गावातलं तोंड काळं केलंस. परमेश्वरसमोर, त्या दोन माणसांसमोर. बोलता बोलता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी मी थांबले नाही. मुंजाजी खाली मान घालून उभा होता. म्हणाला, "चुकलं आसल बाई." सिलिंडर बंद केला, बोर्डाजवळ गेला, तिथं जरा थांबला, बटन बंद केलं, नळी गुंडाळून ठेवली आणि गेला. परमेश्वर जाता जाता म्हणाला, "आत्या, सोडावाल्याच्या हातात द्यायचंच कशाला?" संध्याकाळपर्यंत गावभर झालं की वेणी सोडावाल्यानं मारली.

संध्याकाळी पुन्हा लाइट गेली आणि इन्व्हर्टर लागला. मी अंधारात त्या रिकाम्या पेटीसमोर बसले होते. व्हॉल्व्हच्या पिनेशेजारी इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला, आणि मला सगळं एकदम समजलं. उजेड नाही तेव्हा वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतच नाही. सहावीच्या पोराला येतं हे! ट्यूब बंद, पंप बंद, आणि गॅस मात्र इन्व्हर्टरवर साडेसहा तास पाण्यात साठत राहिला. तरी मासे वाचले असते. पंप लावून, पाणी ढवळून, वरून तांब्यानं ओतून गॅस उडवता आला असता. वेणीला तर त्या गॅसानं काहीच झालं नसतं. तिला मारलं माझ्या ब्लीचिंग पावडरनं. मी त्या रात्री जेवले नाही.

सकाळी उठून दुकानात गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते, वाक्यंसुद्धा जुळवली होती. मुंजाजी बाटल्या भरत होता. मला बघून उठला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "बाई, मागं या जरा."

दुकानाच्या मागच्या फळीवर, लिंबांच्या पोत्याशेजारी, एक मोठी काचेची बरणी होती, बिस्किटांची असते तसली. वर एक बारकी ट्यूब. मोठ्या सिलिंडरवरून सलाईनची नळी आत गेलेली, एकेक बुडबुडा वर येत होता. आणि बरणीत वेणी होती. तीन गड्डे, तिन्हींना मिळून अकरा पानं. मी मोजली.

मी बरणीवर वाकले. "ही कुठली?"

"तुमच्या कुंडीमागं फेकली व्हती की. पयल्या दिवशी आलो तवा पाच उचलून आनले. लिंबू दाबून बगतो तसं दाबून बगितलं. वरून सडले व्हते, पन आतून घट लागले. दोन गेले, तीन ऱ्हायले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

मनिषा गल्ल्यावरून म्हणाली, "बाई, ह्ये मानूस रोजची पयली बाटली इकत न्हाई. आधी ती भरून, फोडून, पिऊन बगतंय, मंग बाकीच्या भरतंय. लगीन झालं तवापासून बगायले मी. तसंच ह्ये बी."

मग मुंजाजीनंच सांगितलं, हळूहळू, लाजत. माझ्या पेटीत गॅस पंधरावरून वीस करायचा तर आदल्या दिवशी बरणीत तेवढाच हिशेब धरून बघायचा. इथं पान खराब झालं नाही, मगच सकाळी माझ्याकडं यायचं. माझ्या पेटीतली तोटी त्यानं एकदाही अंदाजानं फिरवली नव्हती. आठवीत वही कोरी ठेवणारा हा माणूस! प्रयोग कसा करावा ते मी बत्तीस वर्षं तोंडानं सांगितलं, आणि यानं कुणी न सांगता, फुकटात, माझ्या फेकलेल्या कचऱ्यावर तो करून दाखवला. असा एक विद्यार्थी माझ्या हाताखालून गेला असता तर मी आयुष्यभर त्याचं नाव सांगत फिरले असते.

आणि तरी, बघा माझी खोड, माफीचं वाक्य घशातच राहिलं. मी म्हणाले, "बरी ठेवलीस." बस्स.

पुढचे तीन महिने मी रोज त्या दुकानात जाऊन बसायची. बरणी माझ्या घरी न्यायचा विषयही मी काढला नाही, माझा माझ्यावरच भरवसा उरला नव्हता. स्टँडवरची माणसं विचारायची, हे काय सोड्यात वाढवायलाय? मुंजाजी सोडा हातात देऊन गप्प बसायचा. गावाकडचा एक म्हातारा एकदा तोंडावर म्हणाला, "तूच का रं वेणी मारनारा?" मुंजाजीनं त्याला लिंबू पिळून दिलं, मीठ घालून दिलं. मी समोर बाकावर बसलेली होते. तेव्हा तरी बोलायचं! नाही बोलले.

पोळ्यानंतर परमेश्वरचा फोन आला, बारवेत कमरेएवढं पाणी साठलंय, काचेसारखं. आम्ही बरणी मांडीवर घेऊन जीपनं गेलो. गाव जमलं होतं, मांडव घातला होता, माझ्यासाठी शाल-नारळ होता. मुंजाजी कुणाशी न बोलता बरणी छातीशी धरून पायऱ्या उतरून खाली गेला. परमेश्वर माइकवरून बोलायला लागला, आत्यांनी शब्द पाळला, सोडावाल्यानं घात केला तरी आत्यांनी हिंमत सोडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले आणि माइक त्याच्या हातातून घेतला. म्हटलं, "टाळ्या थांबवा. वेणी सोडावाल्यानं मारली नाही. मी मारली. त्यानं सांगितलेलं मोडून मी गॅसची पिन इन्व्हर्टरला लावली, आणि घाबरून ब्लीचिंगचं पाणी पेटीत ओतलं. माझ्या हातून चौदाच्या चौदा गड्डे गेले. आज आलेत ते तीन गड्डे मी कचऱ्यात टाकले होते, आणि त्या माणसानं उचलून जगवलेत. माझा शब्द मी पाळलेला नाही. त्यानं पाळलाय. तीन महिने मला हे माहीत होतं आणि मी तोंड शिवून बसले होते. शाल द्यायची तर खाली कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे त्याला द्या."

परमेश्वर माझ्याकडं बघायचा, मग खाली बघायचा. शेवटी त्यानं शाल हातात घेतली.

माझे गुडघे गेलेत, तरी त्याच्या आधी मीच निघाले. बसत, सरकत, एकेक पायरी. अर्ध्यात आले तेव्हा मुंजाजी ओल्या कपड्यांनी वर आला आणि हात दिला. तळाशी झऱ्याच्या तोंडापाशी दोन गड्डे त्यानं दगडाला बांधून लावले होते. तिसरा माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो तुमी लावा."

"नको रे. माझ्या हातून पुन्हा काहीतरी होईल."

"न्हाई व्हत. हितं पानीच देतंय समदं."

मी पायरीवर बसून पाण्यात हात घातला, गड्डा पाण्याखालच्या पायरीवर साठलेल्या वाळूत दाबला, त्यानं वर दगड ठेवला. मग मी विचारलं. तीन महिने मनात होतं ते. "मुंजाजी, त्या दिवशी तू बोर्डाजवळ थांबलास. पिन मी हलवलीय हे तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं व्हतं."

"मग सगळ्यांसमोर मी तुला एवढं बोलत होते, तेव्हा सांगितलं का नाहीस?"

त्यानं पाण्यातला हात बाहेर काढला, शर्टाला पुसला. "तुमी रडायलत्या की बाई," तो म्हणाला.

वरून परमेश्वरची पावलं जवळ येत होती. मी तिथंच बसून राहिले, आणि पान हलतंय ते बघत राहिले.